सात शेर भुकटी

“सिस्टर, आजचा दिवस राहू द्या ना. एकच दिवस.”

इंदुमतीच्या हातात काचेचा पेला होता. पेल्यात पाण्यात कालवलेली भुकटी होती. गढूळ, खारट-कडू, आणि वर गंजक्या लोखंडाची चव. सकाळचे सात वाजले होते. उठल्यापासून तिच्या पोटात कपभर दूध आणि अर्धं अंडं गेलं होतं आणि तेवढं तरी टिकावं म्हणून ती ओठ मिटून बसली होती. भुकटी पोटात गेली की दहा मिनिटांत दूध, अंडं, भुकटी सगळं तसराळ्यात येणार, हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

मी दाराकडे पाहिलं. मेट्रनबाई पुरुषांच्या वॉर्डात गेल्या होत्या. मी तिच्या हातून पेला घेतला, मोरीत ओतला, वरून पाणी टाकलं आणि परत येऊन पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या चार्टवर, सकाळच्या रकान्यात, बरोबरची खूण केली.

१९५५ सालचा डिसेंबर होता. मी तेवीस वर्षांची होते. नगरला नर्सिंग शिकून मी सातारा जिल्ह्यातल्या भैरवमाळच्या क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये लागले होते आणि बायकांचा बारा खाटांचा वॉर्ड सकाळी सहापासून दिवे लागेपर्यंत माझ्याकडे होता.

त्या बारा खाटांवर आमच्या डॉ. पाठारेंचा जीव अडकला होता. तोवर भैरवमाळला उपचार म्हणजे मोकळी हवा, दूध, अंडी, अंथरुणावर पडून राहणं, आणि त्यानेही नाही भागलं तर ऑपरेशन. पाठारेंनी या बारा जणींवर नवा क्रम सुरू केला होता. पहिले तीन महिने रोज इंजेक्शन, एक लहानशी पांढरी गोळी आणि ही भुकटी, तिन्ही एकत्र. मग इंजेक्शन बंद आणि गोळी-भुकटी पुढे चालू. सगळं मिळून दीड वर्ष. त्या डिसेंबरात बाराजणींची इंजेक्शनं नुकतीच संपली होती.

इंजेक्शन दुखायचं, पण बायका ते घ्यायच्या. गोळी तर हसत घ्यायच्या, कारण ती घेतल्यावर ताप उतरताना त्यांना दिसायचा. भुकटीवर मात्र सगळ्यांचा राग. दिवसातून तीनदा, एका वेळी चार ग्रॅम. कुणी तिला राख म्हणायचं, कुणी खडूची माती.

इंदुमती सतरा वर्षांची होती. विट्याजवळच्या एका गावच्या पोस्टमास्तरांची मुलगी. मॅट्रिकच्या वर्षाला असताना खोकल्यातून रक्त पडलं आणि ती आमच्याकडे आली. उशीखाली भूमितीचं पुस्तक असायचं. वाचायची परवानगी दिवसातून अर्धा तास होती, पण डोळे मिटून पडलेली असतानाही तिची बोटं चादरीवर त्रिकोण काढत असायची. आली तेव्हा तिचं वजन एकोणऐंशी पौंड होतं.

माझी आई क्षयानेच गेली. मी नऊ वर्षांची होते. शेवटच्या महिन्यात तिच्या पोटात काही टिकत नव्हतं आणि मी वाटी घेऊन तिच्याजवळ बसायचे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. इंदुमती ओकायला लागली की मला ती वाटी दिसायची, एवढंच सांगते.

एक दिवसाचे दोन झाले, दोनाचे आठ. नाताळपर्यंत असं झालं की मी पेला तिच्या हातात देतसुद्धा नव्हते. आणि गंमत पाहा, ती सुधारायला लागली. जेवण टिकू लागलं. जानेवारीत वजन शहाऐंशी पौंड भरलं. डॉ. पाठारे राउंडला आले की चार्ट पाहून म्हणायचे, “वा, इंदुमती! सिस्टर, असाच क्रम चालू ठेवा.” मी मान हलवायचे. मनात म्हणायचे, डॉक्टर पुस्तकातून शिकतात, पेशंट आम्हाला कळतो.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. नव्याण्णव, मग शंभर. मार्चच्या पहिल्या आठवड्यात थुंकीत पुन्हा जंतू सापडले.

तिच्याच खाटेशेजारी अनसूयाबाई तांबट होत्या, चाळिशीच्या, पुण्याच्या. नवरा भांडी घडवायचा. वॉर्डात कुणी रडलं, भांडलं, जेवलं नाही, तर निकाल अनसूयाबाई द्यायच्या. त्या इतक्या खमक्या आणि शहाण्या की त्यांच्या भुकटीच्या पुड्या आम्ही सरळ त्यांच्या हातातच देत असू, त्या आपल्या आपण कालवून घेत. त्यांच्याही थुंकीत जंतू सापडले. त्याच महिन्यात तिसरी एक बाई, द्वारका शेलार, तिचंही तेच.

डॉ. पाठारे आठ दिवसांत वाळल्यासारखे दिसायला लागले. ते जेवायचे नाहीत. प्रयोगशाळेत त्या हिरवट थराच्या बाटल्यांपुढे बसून राहायचे. थुंकीतले जंतू त्या बाटल्यांत वाढवून कोणतं औषध त्यांना मारतं ते पाहायला दोन महिने लागत, आणि दोन महिने त्यांच्याकडे नव्हते. संस्थेच्या समितीने गुरुवारी बैठक बोलावली होती. मुंबईहून छातीचे सर्जन डॉ. राजाध्यक्ष आले होते. नवा क्रम पुढे चालवायचा की बंद करायचा, हे ठरणार होतं.

राजाध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांच्या हाताने बरे झालेले कितीतरी लोक मी पाहिले होते. बुधवारी सकाळी त्यांनी इंदुमतीची छाती तपासली, एक्स-रे खिडकीशी धरून पाहिला आणि माझ्यादेखत डॉ. पाठारेंना म्हणाले, “हिच्या उजव्या बाजूच्या सात बरगड्या काढू. दोन टप्प्यांत. फुप्फुस दाबलं गेलं की ती पोकळी बंद होईल. पोरगी जगेल.”

“खांदा कायमचा उतरेल तिचा,” पाठारे म्हणाले.

“उतरेल. पण जगेल. तुमच्या औषधांनी जगणार आहे का?”

ते दोघं व्हरांड्यात गेले. मी आत थर्मामीटर पुसत होते. खिडकी उघडी होती.

“मला एकच कळत नाही,” पाठारे म्हणत होते. “एकटी गोळी दिली तर असं होतं, हे मी समजू शकतो. लाखो जंतूंमध्ये दोन-चार असे असतातच की ज्यांच्यावर गोळी चालत नाही. बाकीचे मरतात, पेशंटला बरं वाटतं, वजन वाढतं, आणि तेवढ्यात ते दोन-चार वाढून पुन्हा लाखो होतात. आता गोळीचा काही उपयोग नाही. म्हणून तर बरोबर भुकटी. गोळीतून जो सुटेल त्याला भुकटी गाठते, भुकटीतून सुटेल त्याला गोळी. दोघांतूनही सुटणारा जंतू जवळजवळ नसतोच.”

“पुस्तकात नसतो,” राजाध्यक्ष म्हणाले.

“हे बघा.” कागदांचा आवाज आला. “डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. एक डोस चुकलेला नाही. प्रत्येक खूण आहे. दोन्ही औषधं पूर्ण घेऊन ही मुलगी पुन्हा पडली.” कागद मिटल्याचा आवाज आला. “तुमचं बरोबर असेल. हा क्रम फसला असेल.”

त्यांच्या हातात माझ्या खुणा होत्या.

मी थर्मामीटर ठेवलं आणि खाली बसले. तोवर मला वाटत होतं की मी एका मुलीवर दया केली. त्या क्षणी कळलं की मी तिला तीन महिने एकटी गोळी खाऊ घातली होती. वर त्या कागदावर असं लिहून ठेवलं होतं की उद्या सगळ्या बाराजणींचं औषध बंद व्हावं, आणि त्यांच्यानंतर येणाऱ्यांचंही.

दुपारी इंदुमतीने मला हाक मारली.

“सिस्टर, बरगड्या काढल्या की खांदा पडतो म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“मी ऐकलं. उजव्या बाजूच्या ना?” ती छताकडे पाहत होती. “मग उजव्या हाताने लिहिता येतं का? तीन तास सलग? पेपर तीन तासांचा असतो.”

मी उठले आणि तडक मेट्रनबाईंच्या खोलीत गेले.

मेट्रन चक्रनारायणबाई नगरकडच्याच. माझ्या आत्याच्या मैत्रीण. मला ही नोकरी त्यांच्या शब्दावर मिळाली होती. पांढऱ्या साडीला कधी सुरकुती नाही, आणि आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडली नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“किती दिवस?”

“डिसेंबरच्या बारा तारखेपासून.”

“आणि खुणा?”

“रोज केल्या.”

त्यांनी उठून दार लोटलं. मग म्हणाल्या, “करुणा, तुझं सर्टिफिकेट जाऊ शकतं, माहीत आहे ना?”

“माहीत आहे, बाई.”

“डॉक्टरांना मी सांगते. लघवी तपासून भुकटी पोटात जाते की नाही ते कळतं म्हणतात. ते आज सगळ्यांची तपासतील. इंदुमतीची कोरी निघेल. तिनेच टाकून दिली असेल, असं लोक समजतील. तुझं नाव येणार नाही.”

मला मोह झाला. आज इतक्या वर्षांनंतरही कबूल करते, झाला.

“पण बाई, लघवी आजची तपासतील. डिसेंबर-जानेवारीचं काय? त्या महिन्यांचं माझ्याशिवाय कोण सांगणार? सर्जनसाहेब म्हणतील, आज नसेल घेतली, तेव्हा तर घेतली होती, चार्टवर आहे. आणि इंदुमतीवर ढकलायचं? तिने मला विचारलं होतं. ओतली मी.”

मेट्रनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने की कशाने, मला तेव्हा कळलं नाही.

“मग उद्या समितीपुढे तूच सांग,” त्या म्हणाल्या. “इस्त्रीचा गणवेश घालून ये.”

गुरुवारी दहा वाजता बैठक वॉर्डाच्या टोकाच्या मोठ्या खोलीत भरली, म्हणजे पेशंटना पाहता येईल. मधलं दार उघडंच होतं. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. एका बाजूला डॉ. राजाध्यक्ष, दुसऱ्या बाजूला डॉ. पाठारे. मेट्रनबाई भिंतीशी उभ्या. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “वॉर्डाच्या सिस्टरला काही सांगायचं आहे.”

मी सांगितलं. तारखा मी पाठ करून आले होते. कोणत्या तारखेपासून, दिवसाला किती पेले, कुठे ओतले.

डॉ. पाठारे खुर्चीत अर्धे उठले आणि पुन्हा बसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, आणि रागाच्या मागून दुसरंच काही वर येत होतं. बुडणाऱ्या माणसाच्या पायाला जमीन लागावी तसं.

राजाध्यक्ष मात्र शांत होते. “सिस्टर, तुम्ही डॉ. पाठारेंच्या हाताखाली किती वर्षं आहात?”

“दोन.”

“त्यांच्याबद्दल आदर आहे?”

“आहे.”

“मग मी असं का समजू नये, की त्यांचा प्रयोग वाचावा म्हणून तुम्ही हे आज रचून सांगता आहात? काल ही भुकटी फसली असं आमचं ठरत होतं. आज तुम्ही म्हणता, ती दिलीच नव्हती. पुरावा काय? पुरावा तर उलट आहे, तुमच्याच हाताचा.” त्यांनी चार्ट पुढे सरकवला. “तेव्हा खोटं लिहिलं की आता खोटं बोलता?”

खोटं सिद्ध करायला माणसं पुरावा मागतात हे ऐकून होते, पण आपला गुन्हा खरा आहे हे कसं सिद्ध करायचं, ते मला येत नव्हतं.

“तेव्हा खोटं लिहिलं,” मी म्हणाले. “आणि इंदुमतीला विचारा.”

“ती तुमच्याच पंखाखालची.”

तेवढ्यात वॉर्डातून चपलांचा आवाज आला. अनसूयाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना पलंगावरून उतरायची मनाई होती. अंगात ताप होता, एका हाताने चौकट धरली होती आणि दुसऱ्या हाताने एक पितळी डबा पोटाशी धरला होता.

“अनसूयाबाई, आधी पलंगावर जा!” मेट्रनबाई म्हणाल्या.

“जाते. हे झालं की जाते.” त्या आत आल्या, डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. “मघापासून ऐकतेय. पोर एकटी का बोलणी खाईल? मोजा.”

डब्यात कागदाच्या पुड्या होत्या. गच्च भरलेल्या, नीट रचलेल्या. डॉ. पाठारेंनी एक उघडली. आतली भुकटी तपकिरी पडली होती. दुसरी उघडली, ती पिवळट. वरची पांढरी.

“खालच्या जानेवारीतल्या,” अनसूयाबाई म्हणाल्या. “दोनशे अकरा आहेत. मी एकही घेतली नाही तेव्हापासून. पोटात नुसता जाळ व्हायचा. गोळीनं बरं वाटत होतं, म्हटलं ही कशाला हवी? आणि टाकून द्यायलाही जिवावर आलं. एवढं औषध, कुणी दुरून आणलेलं. ठेवून दिलं.” मग त्या राजाध्यक्षांकडे वळल्या. “सिस्टरनं एकीला सोडलं, दयेनं. मला कुणी सोडलं नव्हतं, मी फसवलं. आम्ही दोघी पडलो आणि ज्या नाक दाबून प्यायल्या त्या उभ्या आहेत. आता तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा काय ते.”

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी अनसूयाबाईंना धरलं, त्यांचं अंग तापलं होतं. त्यांनी माझा हात दाबला.

डॉ. पाठारे उठून सरळ प्रयोगशाळेत गेले. तासाभरात बाराजणींच्या लघवीच्या नळ्या ओळीने उभ्या होत्या आणि पाठारे प्रत्येकीत थेंब थेंब औषध टाकत होते. पोटात भुकटी गेली असेल तर तांबूस-जांभळा रंग चढतो. आठ नळ्यांत चढला. चार तशाच पिवळ्या राहिल्या. इंदुमती, अनसूयाबाई, द्वारका. आणि चौथी एक, जिची थुंकी अजून स्वच्छ होती, तिला आम्ही वेळेत गाठलं.

राजाध्यक्षांनी एकेक नळी उजेडाशी धरून पाहिली. मग म्हणाले, “पाठारे, मी सुरी सहा महिने बाजूला ठेवतो. तिघींसाठीही. त्यानंतर मात्र मी ऐकणार नाही.”

मला शिक्षा झाली. वॉर्डाचा ताबा गेला, वर्षाची बढती गेली. सर्टिफिकेट राहिलं, ते मेट्रनबाईंमुळे, हे मला फार उशिरा कळलं. डॉ. पाठारेंनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता ते बोलतील. ते एवढंच म्हणाले, “सिस्टर, गोळीचा आता इंदुमतीला उपयोग असेल असं मला वाटत नाही. इंजेक्शन आणि भुकटी, दोनच हत्यारं उरली आहेत. इंजेक्शन मी देईन. भुकटी तुम्ही द्यायची. रोज. पोटात राहिली की नाही ते पाहिल्याशिवाय तिथून उठायचं नाही. आणि रोज नळी तपासायची.”

“डॉक्टर, माझ्यावर सोपवता?”

“तुमच्याइतकं आता कोण जपणार?”

मे महिन्यात बाटल्यांचा निकाल आला. त्यांचा अंदाज बरोबर होता.

त्या दिवसांबद्दल काय सांगू? पहिल्या आठवड्यात इंदुमती चौदा वेळा ओकली. मी तसराळं धरायचे, पाठ चोळायचे, तोंड पुसायचे. मग आम्ही अर्धा तास थांबायचो. पहिल्या दिवशी मी दुसरा पेला तयार करून हातात घेतला, पण माझ्याने पुढे करवेना. ती घामाने भिजली होती. डोळे लाल झाले होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

“पुन्हा द्या, सिस्टर.”

मग आम्ही शिकत गेलो. भुकटी रिकाम्या पोटी नाही, जेवणाच्या शेवटच्या घासाबरोबर. पाणी माठातलं, अगदी गार. नंतर लगेच मीठ लावलेली लिंबाची फोड. अनसूयाबाईंनी सगळ्या वॉर्डाला शिस्त लावली. तिन्ही वेळा बाराजणी एकाच वेळी पेला उचलायच्या. अनसूयाबाई पलंगावरून ओरडायच्या, “चला गं, एक, दोन...” आणि तिनाला सगळ्या घटाघट प्यायच्या. कुणी तोंड वाकडं केलं की बाकीच्या हसायच्या. द्वारकाला तर हसता हसता ठसका लागायचा. पुढे पुढे पुरुषांच्या वॉर्डातही भुकटी सुरू झाली आणि तिथूनही आवाज येऊ लागला, एक, दोन, तीन. व्हरांड्यातून जाणारे नवे पेशंट थांबून पाहायचे, ही काय प्रार्थना आहे की काय म्हणून.

सहा महिन्यांनी राजाध्यक्ष आले. इंदुमतीच्या थुंकीत जंतू नव्हते. त्यांनी एक्स-रे दोनदा पाहिला आणि परत गेले. त्यानंतर दर तीन महिन्यांनी ते यायचे. ऑपरेशन नसलं तरी यायचे.

बाराजणींतल्या अकराजणींनी दीड वर्ष पुरं केलं. द्वारका शेलार पहिल्या पावसाळ्यात गेली. तिची दोन्ही फुप्फुसं आधीच फार पोखरलेली होती, आणि डॉ. पाठारेंनी तिचं नाव आपल्या यादीतून कधी खोडू दिलं नाही. पुढे त्यांनी डॉक्टरांच्या परिषदेत हा सगळा क्रम वाचला, तेव्हा अकरा आणि एक असंच वाचलं. आमची चूकही वाचली. पेशंट औषध घेतो आहे हे कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, असं त्यांनी त्यात लिहिलं होतं, आणि ते कसं कळलं तेही, कुठलाही आडपडदा न ठेवता. लिहिण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हटलं, लिहा.

इंदुमतीच्या शेवटच्या बाटल्या आठ आठवडे कोऱ्या हिरव्या राहिल्या. १९५७ च्या ऑक्टोबरात तिला सोडायचं ठरलं. वजन एकशे आठ पौंड. निघायच्या सकाळी राजाध्यक्षांनी तिची छाती शेवटची तपासली. नळी कानातून काढत म्हणाले, “काय गं, किती भुकटी खाल्लीस एकूण?”

“रोज बारा ग्रॅम, पाचशे चाळीस दिवस,” ती म्हणाली. तिने ते आधीच सोडवून ठेवलं होतं. “जवळजवळ सात शेर, डॉक्टर. ओकून पुन्हा घेतलेली धरली तर त्याहून जास्त.”

राजाध्यक्ष पहिल्यांदाच मोठ्याने हसले. मग ते माझ्याकडे वळले.

“सिस्टर, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं ठरवलं होतं.”

“हो, डॉक्टर.”

“माझी चूक झाली.”

“नाही डॉक्टर,” मी म्हणाले. “तुम्ही तसं विचारलं नसतं, तर अनसूयाबाई पलंगावरून उठल्या नसत्या.”

त्यांनी मान किंचित लववली, आणि मेट्रनबाईंनी ते पाहिलं. त्या दिवशी मेट्रनबाईंनी मला बोटाने खूण करून आपल्या शेजारी उभं केलं. नव्या नर्सेस ज्या ओळीत उभ्या राहतात तिथे नाही, आपल्या शेजारी.

भैरवमाळ उंचावर आहे. फाटकापासून खालच्या सडकेपर्यंत चांगला मैलभर उतार. इंदुमती आली तेव्हा तिला चार माणसांनी खुर्चीतून वर आणलं होतं. आता तिला न्यायला तिचे वडील पोस्टमास्तर खाली टांगा ठेवून वर चढून आले होते. धोतराचा सोगा हातात, कपाळावर घाम. त्यांनी खुर्ची मागवली. इंदुमतीने नको म्हटलं. आपली ट्रंक तिने वॉर्डबॉयला दिली, भूमितीचं पुस्तक हातात ठेवलं आणि चालू लागली.

पहिल्या वळणापर्यंत गेली आणि थांबली. आम्हाला वाटलं, दमली. डॉ. पाठारे एक पाऊल पुढे झाले. पण ती वळली आणि चढ चढत परत वर आली, भराभर. येऊन ती अनसूयाबाईंच्या पाया पडली. त्या पुढच्या आठवड्यात घरी जाणार होत्या. मग मेट्रनबाईंच्या, मग माझ्या. डॉक्टरांनी सवयीने तिचं मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं आणि सोडून दिलं. त्यांचे डोळे भरले होते.

आणि ती पुन्हा निघाली. या वेळी जवळजवळ पळतच. मागून पोस्टमास्तर एका हाताने सोगा सावरत धावत होते. त्यांचा आवाज उतारावरून वर आमच्यापर्यंत ऐकू येत होता.

“इंदू! अगं इंदू! जरा दम घे गं!”

ती वळणावर वळून उभी राहिली आणि तिथून, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशी, भरल्या छातीने ओरडली,

“तुम्हीच घ्या, नाना! माझ्याकडे भरपूर आहे!”